घरातला वानप्रस्थ: पार्श्वभूमी

पन्नाशी आली की वानप्रस्थ, असे प्रवचनांत ठामपणे सांगितले जाते. मनुस्मृतीत हा आकडा नाही. आयुष्याचे भाग ती मानते, पण वनात जायची वेळ खुणांवरून ठरवते: अंगाला सुरकुत्या, पिकलेले केस आणि मुलाला झालेले मूल (6.2). म्हणजे घर चालवणारी पुढची पिढी उभी राहिल्याशिवाय निघायचे नाही.

खरा वाद आश्रमांच्या क्रमाचा आहे. मनुस्मृतीहून जुन्या धर्मसूत्रांत, म्हणजे आचारनियमांच्या सूत्रग्रंथांत, आश्रम एकामागून एक येत नाहीत. अध्ययन संपले की त्यांतला एक निवडायचा आणि तोच जन्मभर पाळायचा. गौतम आणि बौधायन हे सूत्रकार तर गृहस्थाश्रम हाच एकमेव आश्रम, असेही मत मांडतात. जाबालोपनिषदात दोन्ही आहे: क्रमाने जा, किंवा वैराग्य येईल त्याच दिवशी निघा. मनुस्मृतीने क्रम पक्का केला, तरी घरी राहण्याची वाट मोकळी ठेवली. ऋषी, पितर आणि देव यांची ऋणे फेडावीत, सारे मुलावर सोपवावे, घरातच तटस्थ राहावे आणि रोज एकांतात आत्मचिंतन करावे (4.257-258). पुढे निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राची वचने संकलित करणाऱ्या पंडितांनी, वानप्रस्थ कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात टाळायच्या गोष्टींत, घातला. अरण्य सुटले, ही वाट उरली. उतारवयाला तीच झेपणारी आहे, आणि तिचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

या वाटेवर बिघडते ते सोपवण्यात. जपाची वेळ ठरते, पण तिजोरीच्या किल्ल्या सुटत नाहीत. मग माळ हातात आणि लक्ष हिशेबात राहते. याउलट काही जण सगळे एकदम देऊन टाकतात आणि औषधाच्या पैशांसाठीही हात पसरायची वेळ येते. या दुसऱ्या प्रकारावर 2007च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्यात उपाय आहे. 60 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट मोडली, तर कलम 23नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट सिद्ध झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2022च्या निकालात ठरले. त्याच न्यायालयाच्या 2025च्या निकालाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला, तरी बक्षीसपत्रातच अट स्पष्ट लिहिणे सुरक्षित. मृत्युपत्र हयातीत, समज शाबूत असेपर्यंत, कधीही बदलता येते, पण त्याने आजचा कारभार दुसऱ्याच्या हाती जात नाही. त्यासाठी मुखत्यारपत्र लागते, आणि देणाऱ्याची समज गेली की तेही संपुष्टात येते.