दोन नंबरचा माणूस आणि आमचं स्क्रीन प्रिंटिंग

आमच्या ग्राहकांसाठी

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काउंटरवर मोबाइल पुढे करतं. फोटोत हुडी असते. तिची चेन गळ्याशी न थांबता थेट टाळूपर्यंत जाते आणि टोपी ओढली की चेहऱ्याच्या जागी शार्कचा जबडा दिसतो. नाहीतर टी-शर्ट असतो, त्यावर माकडाचं डोकं. "काका, सेम टू सेम. गॅदरिंगला पंचवीस पीस." आम्ही नाही म्हणतो आणि मग पंधरा मिनिटं वाद होतो. तो वाद दर वेळी पहिल्यापासून घालायला नको, म्हणून हे पत्रक.

ते माकड आणि तो शार्क, दोन्ही एकाच जपानी माणसाने बाजारात आणले. नाव तोमोआकी नागाओ, जन्म १९७० चा, गाव गुन्मा प्रांतातलं माएबाशी. जग त्याला निगो म्हणतं. टोकियोच्या बुन्का फॅशन कॉलेजात तो शिकला, तेही शिवणकाम नव्हे तर फॅशनच्या मासिकांचं संपादन. तेव्हा टोकियोत हिरोशी फुजिवारा नावाच्या डीजेचा दबदबा होता. न्यूयॉर्कहून हिप-हॉपच्या तबकड्या आणून टोकियोच्या पोरांना ऐकवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी तो एक. आपला नागाओ चेहऱ्याने फुजिवारासारखा दिसायचा, शिवाय त्याच्या हाताखाली कामही करायचा. म्हणून लोकांनी नाव पाडलं 'फुजिवारा नंबर दोन'. जपानीत निगो म्हणजे क्रमांक दोन. आपल्याकडे 'दोन नंबरचा माल' म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. या माणसाने मात्र ते टोपणनाव उतरवलं नाही, उलट तेच नाव म्हणून लावलं.

१ एप्रिल १९९३ ला टोकियोतल्या हाराजुकु भागात मुख्य रस्त्यामागच्या गल्ल्यांत त्याने आणि कॉलेजमधला मित्र जुन ताकाहाशी याने मिळून 'नोव्हेअर' नावाचं छोटं दुकान उघडलं. एका बाजूला ताकाहाशीचा 'अंडरकव्हर' हा ब्रँड, दुसऱ्या बाजूला निगोचा माल. पुढे त्याच बाजूला त्याचा स्वतःचा ब्रँड उभा राहिला, 'अ बेदिंग एप' म्हणजे अंघोळ करणारं माकड, बोलताना 'बेप'. हे नाव आणि चित्र सुचवणारा मित्र स्वतःला स्केटथिंग म्हणवून घेतो. १९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या सिनेमातलं माकड आणि जपानीतला एक वाक्प्रचार यांची त्याने सांगड घातली. कोमट पाण्यात बसून राहणं, म्हणजे बाहेर पडायचा कंटाळा येईल इतकं सुखात लोळणं. कोमट पाण्यातलं माकड म्हणजे घरबसल्या सगळं मिळालेलं सुस्त पोर. गिऱ्हाइकाचीच टिंगल, आणि गिऱ्हाईक रांग लावून तीच टिंगल छातीवर मिरवतं! असं धाडस आम्हाला या जन्मी जमायचं नाही.

पुढचा भाग आमच्या धंद्यातल्या माणसाने दोनदा वाचावा असा आहे. सुरुवातीला त्याचे टी-शर्ट आठवड्याला तीस ते पन्नासच निघत. त्यातले निम्मे तो विकतच नसे, मित्रांना फुकट वाटायचा. मित्र कोण, तर डीजे, गायक, मासिकांत लिहिणारे. त्यांच्या अंगावरचा टी-शर्ट मासिकात दिसायचा आणि दुकानात जावं तर शिल्लक नाही. पुढे नव्वदीच्या शेवटी मागणी वाढल्यावर त्याने बाहेरच्या दुकानांना माल देणं थांबवलं आणि विक्री स्वतःच्या हातात ठेवली. छपाईवाल्याच्या डोक्यात कायम 'अजून शंभर पीस काढले तर स्क्रीनचा, म्हणजे ज्यातून शाई कापडावर उतरते त्या जाळीचा, खर्च जास्त पिसांवर पसरेल' हाच हिशेब असतो. त्याने तो हिशेब उलटा मांडला.

'बेप'चा कॅमो, म्हणजे डागाडागांचा प्रिंट, तुम्ही जवळून पाहिलाय का? लांबून लष्करी कापड वाटतं. दीड फुटावर आलात की डागाडागातून माकडाच्या डोक्याची कड दिसते. हा प्रिंट आमच्या टेबलावर काढायचा तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. हिरव्याच्या दोन छटा, तपकिरी, वर काळा, आणि एकाचं जरी रजिस्ट्रेशन (रंगावर रंग नेमका बसणं) केसभर हललं तर माकडाच्या कानाला पांढरी किनार राहते. शिवाय तो कपड्याच्या शिवणीपलीकडे अखंड जातो, म्हणजे आधी ताग्यावर छपाई आणि मग कटिंग. शार्कची हुडीही तशीच. टोपीचे तुकडे शिवण्याआधीच दात आणि डोळे बसवावे लागतात. तयार हुडी आणून तिच्या चेनवर जबडा छापून द्या म्हणाल, तर स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) चेनच्या दातांवर अडकते आणि शाई पसरते. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी 'सेम टू सेम' आमच्या दुकानात होणारं कामच नाही.

गाण्यांकडे येऊ, कारण बहुतेकांना हा माणूस तिथूनच माहीत असतो, नावासकट नसला तरी. २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट' सिनेमातलं ते गाणं, ज्यावर गाड्यांच्या निम्म्या रील बनतात, ते 'तेरियाकी बॉइझ'चं. हा गट निगोने २००५ मध्ये जमवला. इल्मारी, र्‍यो-झी, व्हर्बल आणि वाइज हे चार रॅपर, आणि हा डीजे. त्या गाण्याचं संगीत मात्र 'नेपच्यून्स'चं, म्हणजे फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो यांचं. 'तेरियाकी बॉइझ'च्या पहिल्या अल्बमवर डाफ्ट पंकपासून डीजे प्रीमियरपर्यंत एकेका गाण्याला वेगळा संगीतकार आहे. त्याआधी लंडनच्या 'मो वॅक्स' या रेकॉर्ड कंपनीने निगोच्या स्वतःच्या नावावर 'एप साउंड्स' हा अल्बम काढला होता. आणि २०२२ चा 'आय नो निगो' हा अल्बम घेतलात तर त्यावर फॅरेल, पुशा टी, टायलर, एसॅप रॉकी असे सगळे आहेत. रॅप तेच करतात, नाव याचं. लग्नात एखादा मामा असतो बघा, जो एक भांडं उचलत नाही, पण आचारी त्याने आणलेला, बँडवाला त्याच्या ओळखीचा, आणि तो आला नाही तर अक्षता थांबतात. निगोचं निर्माता असणं आम्हाला त्या जातीचं वाटतं. हे कमी लेखून म्हणत नाही. तसा मामा सापडायला नशीब लागतं.

फॅरेलशी ओळख झाली आणि दोघांनी मिळून 'बिलियनेअर बॉइज क्लब' आणि 'आइसक्रीम' हे ब्रँड काढले. त्यांची चित्रं पुन्हा स्केटथिंगचीच. न्यूयॉर्कच्या सोहो भागात 'बेप'चं दुकान उघडलं, तिथे बूट काचेखाली फिरत्या पट्ट्यावर ठेवलेले. रॅपर मंडळींनी ते बूट, ते कॅमो अंगावर घातलं आणि माकड जगभर पोचलं.

मग उतारही आला. दुकानं वाढली, कॅफे, सलून, सगळं झालं, कर्जही वाढलं. २०११ मध्ये कंपनीचा ९० टक्के हिस्सा हाँगकाँगच्या 'आय.टी.' या कंपनीला सुमारे २८ लाख डॉलरला गेला. एवढ्या नावाच्या मानाने ही रक्कम किरकोळच. दोन वर्षांनी तो तिथून बाहेर पडला. म्हणजे आज तुम्ही ज्याचा फोटो आणता त्या माकडाशी त्याचा मालक म्हणून संबंध उरलेला नाही. २०१० मध्येच त्याने 'ह्यूमन मेड' हा नवा ब्रँड सुरू केला होता. जुने अमेरिकन कामगारी कपडे जमवायचा त्याला जुना नाद, तोच इथे धंद्यात उतरला. टोकियोत 'करी अप' नावाचं करी-भाताचं हॉटेलही काढलं. २०२१ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या 'केन्झो' या फॅशन घराण्याने त्याला कलादिग्दर्शक नेमलं. ते घराणं स्थापन करणारे केन्झो ताकादाही बुन्काचेच विद्यार्थी. निगोचा तिथला पहिला शो जानेवारी २०२२ मध्ये गालरी व्हिव्हिएन्न या जुन्या बाजारपेठेत झाला. केन्झोंनी १९७० मध्ये आपलं पहिलं दुकान त्याच जागी थाटलं होतं.

आता वादाचा मुद्दा. हुशार पोरं म्हणतात, "काका, त्याने तरी काय केलं? माकड सिनेमातलं, बूट 'नाइकी'सारखे. मग आपणच का नाही?" प्रश्न बरोबर आहे. 'बेप'चा 'बेप स्टा' हा बूट 'नाइकी'च्या 'एअर फोर्स वन' बुटाच्या इतका जवळ होता की २०२३ मध्ये 'नाइकी'ने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. तेव्हा निगो कंपनीत नव्हता. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने बुटांची रचना बदलायचं कबूल केलं. म्हणजे उचलण्याचा हिशेब वीस वर्षांनी का होईना, मागितला गेला. गाण्यातल्या सॅम्पलसारखं आहे हे. जुन्या तबकडीतला तुकडा घेऊन नवं काही उभं करणं वेगळं आणि अख्खं गाणं आपल्या नावावर वाजवणं वेगळं. मधली रेघ पुसट आहे, ती त्यालाही दर वेळी दिसली असं आम्ही म्हणणार नाही. पण फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, त्या रेघेच्या कुठल्या बाजूला येते हे सांगायला वकील लागत नाही. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पंचवीस टी-शर्टांसाठी एवढी जोखीम आम्ही घेत नाही.

तुमचं स्वतःचं चित्र आणा. वहीच्या मागच्या पानावर पेनने काढलेलं चालेल, ते नीट रेखाटून फिल्म काढायचं काम आमचं. रंग तीनच्या आत ठेवलेत तर स्क्रीनचा खर्च आटोक्यात राहतो. दहा-बारा पीस हवे असतील तरी परत पाठवणार नाही. तेवढ्यासाठी डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं) स्वस्त पडतं, पण ते हाताला प्लास्टिकसारखं लागतं हे आधीच सांगतो. कापड १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खाली घेऊ नका. टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा आणि प्रिंटवर थेट इस्त्री फिरवू नका.

काउंटरच्या उजव्या खिळ्यावर एक काळा टी-शर्ट टांगलाय. आमचाच प्रिंट आहे आणि वर्षभर घरात वापरून, धुऊन मगच तिथे लावलाय. ऑर्डर देण्याआधी त्याला हात लावून बघा, ताणून बघा.