आदोपी

आदोपी : कॉपीराइट असलेली गाणी व चित्रपट इंटरनेटवर परस्पर वाटणाऱ्यांना इशारे देण्यासाठी फ्रान्सने २००९ च्या कायद्याने स्थापन केलेले प्राधिकरण. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १ जानेवारी २०२२ रोजी ते दृक्‌श्राव्य माध्यमांच्या नियामक संस्थेत विलीन होऊन ‘आर्कोम’ अस्तित्वात आले.

इंटरनेट कंपनीच आपल्या ग्राहकाच्या फायली उघडून पाहते, असा अनेकांचा समज असतो. इथे तसे नव्हते. पाळत बाहेरून होती. टोरंट या परस्पर फाइल वाटण्याच्या पद्धतीत फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि हाती आलेला तुकडा संगणक लगेच इतरांना देऊ लागतो. त्यामुळे प्रत्येकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, बाकीच्यांना दिसतोच. हक्कधारक संघटनांनी नेमलेली ‘टीएमजी’ ही फ्रेंच कंपनी साध्या वापरकर्त्यासारखी या घोळक्यात शिरून पत्ता आणि नेमकी वेळ टिपून ठेवी. वेळ हवीच, कारण आजचा पत्ता उद्या दुसऱ्याच घरी गेलेला असू शकतो. ती नोंद आदोपीकडे जाई आणि त्या क्षणी पत्ता कोणाच्या नावावर होता, ते इंटरनेट कंपनी कळवी.

पहिला इशारा ईमेलने. सहा महिन्यांत तोच प्रकार पुन्हा आढळला तर दुसरा ईमेल आणि सोबत रजिस्टर्ड पत्र. त्यानंतरच्या वर्षभरात तिसऱ्यांदा आढळल्यास प्रकरण सरकारी वकिलाकडे जाऊ शके. पहिले ईमेल ऑक्टोबर २०१० मध्ये निघाले. ‘फ्री’ या इंटरनेट कंपनीने ते ग्राहकांना पाठवायला नकार दिला, तेव्हा सरकारने त्याच महिन्यात हुकूम काढून ते पाठवणे बंधनकारक केले.

मूळ कायद्यात इंटरनेट जोडणी तोडण्याचा अधिकार थेट प्राधिकरणालाच होता. १० जून २००९ रोजी कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटनात्मक परिषदेने तो रद्द केला. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात इंटरनेट वापरणेही येते, म्हणून असा निर्णय न्यायाधीशानेच घ्यावा, हे तिचे म्हणणे. तो निकाल योग्यच होता, कारण आयपी पत्त्यावरून घर सापडते, माणूस नाही.

कायद्याने ही अडचण वेगळ्याच वाटेने सोडवली. डाउनलोड कोणी केले हे सिद्ध करण्याऐवजी, आपली जोडणी सुरक्षित न ठेवणे हाच गुन्हा ठरवला. दंड १,५०० युरोंपर्यंत. सप्टेंबर २०१२ मध्ये बेलफोर येथे या कलमाखाली पहिली शिक्षा झाली. गाणी पत्नीने उतरवली होती आणि तिने ते न्यायालयात सांगितलेही. तरी १५० युरोंचा दंड पतीलाच बसला, कारण जोडणी त्याच्या नावावर होती.

जुलै २०१३ मध्ये या गुन्ह्यासाठी न्यायाधीशाच्या हाती राहिलेली जोडणी तोडण्याची शिक्षाही हटवली गेली. दंड आणि इशारे राहिले. ३० एप्रिल २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही पद्धत अटींसह मान्य केली. आयपी पत्ते ग्राहकाच्या इतर माहितीपासून काटेकोरपणे वेगळे साठवावेत आणि तिसऱ्या टप्प्यावर ओळख जोडण्याआधी न्यायालयाने किंवा स्वतंत्र संस्थेने प्रकरण तपासावे, या त्यांतल्या प्रमुख अटी.