संगणकीय घुसखोरीनंतरचा प्रतिसाद
संगणकात अनधिकृत प्रवेश झाल्याचे उघडकीस आल्यावर घुसखोराला तत्काळ बाहेर काढायचे, की त्याला सुगावा लागू न देता काही काळ त्याच्यावर पाळत ठेवायची, हे ठरविण्याची प्रक्रिया. जुलै १९९१ मधील ‘आरएफसी १२४४’ या इंटरनेट सुरक्षा-मार्गदर्शिकेत हे दोन्ही मार्ग मांडलेले आहेत. वापरकर्त्यांची माहिती धोक्यात असेल किंवा खटला भरण्याची तयारी नसेल, तर पहिला मार्ग श्रेयस्कर ठरतो. बॅकअप भक्कम असतील, हल्ले वारंवार होत असतील आणि घुसखोराच्या हालचालींना आवर घालता येत असेल, तरच दुसरा विचारात घ्यावा.

पाळतीचे गाजलेले उदाहरण १९८६ मधील आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक-वापराच्या हिशेबातील ७५ सेंटच्या तफावतीचा शोध घेताना तेथील संगणक-व्यवस्थापक क्लिफर्ड स्टोल यांना घुसखोराचा माग लागला. त्यांनी बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना प्रिंटर लावून त्याचे टंकन कागदावर उतरवून घेतले आणि तो नाजूक फायलींकडे वळला की तारांवर किल्ल्यांचा जुडगा टेकवून लाइन खराब असल्याचा भास निर्माण केला. माग अखेर जर्मनीतील हॅनोव्हर येथे पोहोचला. या कथेचे कौतुक करताना, जुडगा हाती घेऊन कोणीतरी सतत जागे होते, हे सहसा विसरले जाते. रॅन्समवेअरच्या (फायली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हल्ल्यात फायली काही तासांत कुलूपबंद होत असल्याने तशी सवड क्वचितच मिळते.

घुसखोराला बाहेर काढायचे ठरले तरी यंत्र घाईने बंद करणे घातक ठरते, कारण चालू प्रोग्रॅम, उघड्या जोडण्या आणि प्रसंगी कूटबद्धतेच्या किल्ल्या केवळ रॅममध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत) असतात व वीज जाताच नाहीशा होतात. म्हणून ‘आरएफसी ३२२७’ (२००२) या पुरावे गोळा करण्याच्या मार्गदर्शिकेप्रमाणे लवकर नष्ट होणारी माहिती आधी टिपतात, तीही बाहेरून आणलेल्या विश्वासार्ह साधनांनी. बाधित यंत्रावरील, चालू प्रोग्रॅमांची यादी दाखविणारी ‘पीएस’ ही आज्ञाच बदललेली असेल, तर घुसखोराचा प्रोग्रॅम यादीत दिसणारच नाही. नेटवर्कची केबल काढणेही निर्धोक नसते, कारण जोडणी तुटताच पुरावे पुसणारे सापळे लावलेले असू शकतात. घुसखोराने पुन्हा शिरण्यासाठी ठेवलेली चोरवाट न शोधता केवळ पासवर्ड बदलल्यास घुसखोर सावध होतो, बाहेर मात्र जात नाही.

सेवा बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच लेखी ठरलेले नसेल, तर हा निर्णय रात्रपाळीच्या तंत्रज्ञावर येऊन पडतो. युरोपीय संघात वैयक्तिक माहितीला धोका पोहोचविणारी घुसखोरी लक्षात आल्यापासून साधारणतः ७२ तासांत नियामकाला कळवावी लागते. त्यामुळे पाळतीचा मार्ग निवडणाऱ्यालाही पहिली खूण दिसल्याची वेळ नोंदवूनच कामाला लागावे लागते.