पूर्ण भुलेतील कृत्रिम श्वसन

पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास शस्त्रक्रियेदरम्यान हाताने किंवा यंत्राने चालवण्याच्या पद्धतींना हे नाव आहे. स्नायू शिथिल करणारे औषध दिले की श्वासपटलही थांबते. त्यातच भूल चढल्यावर काही मिनिटांत फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटू लागतो, म्हणून श्वास कसा दिला यालाही महत्त्व येते.

सुरुवात मास्क आणि पिशवीने होते. पिशवी सुमारे २० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबापेक्षा जास्त दाबाने पिळली तर हवा पोटात शिरते आणि उलटीचा धोका वाढतो. भारतात बेन सर्किट, म्हणजे यंत्रापासून रुग्णापर्यंत वायू नेणारी नळीत नळी असलेली जोडणी, अजून बरेच वापरले जाते. त्यात हाताने श्वास देताना ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला किलोमागे सुमारे ७० मिली पुरतो. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. या सर्किटची दुखरी जागा म्हणजे आतली नळी. ती यंत्राकडच्या टोकाला निसटली तर रुग्ण सोडलेलीच हवा परत ओढतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तपासायला रुग्णाकडचे टोक बंद करून पिशवी भरावी, मग टोक मोकळे करून ऑक्सिजन फ्लश (जोरात ऑक्सिजन सोडणारे बटण) दाबावा. नळी शाबूत असेल तर पिशवी खाली बसते, नसेल तर फुगलेलीच राहते.

यंत्रावर मुख्य निवड दोन पद्धतींत असते. आकारमान नियंत्रित पद्धतीत प्रत्येक श्वासाचे मिली ठरतात आणि दाब लागेल तितका होतो. दाब नियंत्रित पद्धतीत दाब ठरतो आणि मिली बदलतात. फरक दिसतो तो दुर्बिणीने पित्ताशय काढताना. पोटात १२ ते १५ मिमी पाऱ्याच्या दाबाने गॅस भरला की श्वासपटल वर ढकलले जाते. पहिल्या पद्धतीत दाबाचा अलार्म वाजतो. दुसरीत अलार्मची मर्यादा नीट लावलेली नसेल तर काहीच वाजत नाही. श्वास मुकाट्याने लहान होतो आणि कॅप्नोग्राफचा, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा चढतो. गॅस सोडल्यावर उलटे होते, त्याच दाबाला श्वास एकदम मोठा होतो. दोन्हींची सांगड घालणाऱ्या पद्धतीत यंत्र आधीच्या श्वासांवरून दाब स्वतः जुळवते.

दाब नियंत्रित पद्धतीत सर्वोच्च दाब कमी दिसतो, म्हणून ती फुप्फुसाला सौम्य, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. त्यात हवेचा वेग सुरुवातीला जास्त असून नंतर उतरतो, त्यामुळे श्वासनळीत घातलेल्या नळीतल्या अडथळ्याचा दाब शेवटी मोजलाच जात नाही. तुलना करायचीच तर श्वास क्षणभर रोखून मिळणाऱ्या पठारी दाबाची करावी. पद्धत बदलल्याने रुग्णाला नंतर ठोस फायदा होतो, असे अजून सिद्ध झालेले नाही.

आकड्यांनी मात्र फरक पडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या ४०० रुग्णांवरील फ्रेंच चाचणीत किलोमागे १०-१२ मिलीऐवजी ६-८ मिली, सोबत पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला थोडा दाब) आणि अधूनमधून फुप्फुस फुगवणे असे केल्यावर मोठ्या गुंतागुंती २७.५ वरून १०.५ टक्क्यांवर आल्या. पीप वाढवत नेण्याने मात्र फायदा होत नाही: २०१४ च्या चाचणीत १२ सेंमी पीपने फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत, उलट रक्तदाब जास्त पडला.

इथले किलो उंचीवरून काढायचे, काट्यावरचे नव्हेत. १६० सेंमी उंचीच्या बाईसाठी ४५.५ + ०.९१ × (१६० − १५२.४), म्हणजे सुमारे ५२ किलो. ती ८५ किलोची असली तरी श्वास ३१५ ते ४२० मिलीचाच. चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही.

एलएमएवर (श्वासनळीत न घालता घशात स्वरयंत्रावर बसवायच्या मास्कवर) यंत्राने श्वास देता येतो, पण जुन्या प्रकारात दाब २० सेंमीच्या आत ठेवावा लागतो. स्नायू शिथिल केलेले नसतील तर रुग्णाच्याच श्वासाला दाबाचा आधार देणे तिथे सोयीचे.

दमेकऱ्यांत श्वास सोडायला वेळ लागतो, म्हणून श्वासांची गती कमी आणि श्वास घेण्याच्या व सोडण्याच्या वेळेचे प्रमाण १:३ किंवा त्याहून लांब ठेवतात. तेवढा वेळ मिळाला नाही तर हवा छातीत अडकत जाते आणि रक्तदाब घसरतो. अशा वेळी सर्किट काही सेकंद नळीपासून सोडवून पाहावे. अडकलेली हवा निघाली की रक्तदाब लगेच सावरतो, आणि कारणही कळते.