बॉस्टनच्या तळघरातला तेलाचा बॉयलर आला कुठून?

न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास जुनं घर बघायला गेलेलं मराठी कुटुंब तळघरात उतरलं की जरा थबकतं. कोपऱ्यात २७५ गॅलनची, म्हणजे हजारएक लिटरची लोखंडी टाकी, तिच्यातून निघालेली बोटापेक्षा बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या टोकाला घरघरणारा बॉयलर. घर गरम ठेवायला डिझेल जाळतात? जवळजवळ डिझेलच. गाड्यांच्या इंधनावरचा रस्ता-कर यावर भरलेला नसतो. हे बिनकराचं तेल ओळखू यावं म्हणून यात लाल रंग मिसळतात, एवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा फरक. अमेरिकेत आज अशी सुमारे ५० लाख घरं आहेत आणि त्यांतली बहुतेक ईशान्येकडच्या राज्यांत.

हे सगळं बदलायचं म्हटलं की मेकॅनिक ‘नवा बॉयलर टाका’ म्हणतो आणि शेजारी ‘हीट पंप घ्या’ म्हणतो, म्हणजे हवेतली उष्णता विजेच्या जोरावर ओढून घेणारं, उलट्या एसीसारखं यंत्र. दोघांचंही ऐकण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या तळघरातला प्रत्येक भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणीतून आलेला आहे.

नळ्या आणि रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी किंवा वाफ फिरवून खोली तापवणारे लोखंडी सांगाडे, बहुतेकदा कोळशाच्या काळातले. १९४० च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त अमेरिकी घरं कोळशावर तापत होती. ईशान्येत पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतला अँथ्रासाइट नावाचा टणक कोळसा चाले. पहाटे उठून राख उपसायची, फावड्याने कोळसा टाकायचा, रात्री निखारे झाकून ठेवायचे. त्यात सप्टेंबर १९२५ मध्ये खाणकामगारांचा संप झाला आणि तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ऐन थंडीभर चालला. तेलाचे बर्नर तेव्हा बाजारात येऊ लागलेच होते. दाबाखाली तेल बारीक छिद्रातून फवारायचं, पंख्याने हवा द्यायची, विजेच्या ठिणगीने पेटवायचं आणि थर्मोस्टॅट सांगेल तेव्हा बंद करायचं. हा बर्नर कित्येक घरांत जुन्या कोळशाच्या बॉयलरलाच बसवला गेला. भट्टी तीच, नळ्या त्याच, फक्त फावडं गेलं.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक किनाऱ्यावर तेलवाहू जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ईशान्येत घरगुती तेलावर रेशन लागलं. ज्यांनी नुकताच कोळसा सोडला होता त्यांनाच सरकार ‘परत कोळशावर जा’ म्हणू लागलं! टेक्सासमधून पूर्वेकडे तेल आणायला घाईघाईने ‘बिग इंच’ नावाची पाइपलाइन टाकली गेली. युद्ध संपल्यावर ती विकली गेली आणि तिच्यातून नैसर्गिक वायू वाहू लागला. तेल आणायला बांधलेल्या नळीनेच पुढे कित्येक घरांतून तेलाला हुसकावलं. वायूची लाइन जिथे पोचली नाही तिथे मात्र तेल टिकलं, आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य टोकाच्या सहा राज्यांच्या, खेड्यापाड्यांत ती आजही पोचलेली नाही. १९६० पर्यंत देशातली जवळपास एक तृतीयांश घरं तेलावर होती.

आता आंघोळीच्या पाण्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. आपल्या जुन्या बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असे. इथला बॉयलर त्याच जातीचा, फक्त त्या गरम पाण्यात आणखी एक तांब्याची वेटोळी नळी बुडवलेली असते. नळाचं गार पाणी या वेटोळ्यातून जाता जाता तापतं आणि थेट शॉवरला पोचतं. वेगळी टाकी नाही, वेगळा हीटर नाही. युद्धानंतर धडाधड घरं उभी राहत होती तेव्हा ही सोय स्वस्तात पडे आणि तेलही स्वस्त होतं. पण कोणी कधी नळ उघडेल याचा नेम नाही, म्हणून तो अवजड बॉयलर चोवीस तास साठ-सत्तर अंश सेल्सियसवर तापत ठेवावा लागतो. जुलैच्या उकाड्यात, घरात एसी चालू असताना, खाली तळघरात भट्टी अधूनमधून पेटत राहते. वर्षानुवर्षांच्या क्षारांनी वेटोळं आतून भरत जातं. मग दुसरा माणूस आंघोळीला गेला की पाणी कोमट.

हे १९७३ पर्यंत कुणाला फारसं खुपलं नाही. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं, नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी लोकांना घरातलं तापमान सहा अंश फॅरनहाइटने उतरवायला सांगितलं. फेब्रुवारी १९७७ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि दिवसा ६५, रात्री ५५ अंशांवर भागवा म्हणाले. या काळात लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तेलाच्या बर्नरवर काम झालं. ज्योत बर्नरच्या तोंडाशीच घट्ट धरून ठेवणारे नवे बर्नर पसरले. त्यांना जादा हवा कमी लागते, त्यामुळे चिमणीतून वाया जाणारी उष्णता घटते. पुढे १९९२ पासून नव्या बॉयलरना किमान ८० टक्के कार्यक्षमतेची अट लागली. आज तेलावरच्या गरम पाण्याच्या बॉयलरसाठी ती ८६ टक्के आहे. आकडा चांगला, पण तो घर तापवण्याच्या कामाचा. उन्हाळ्यात वेटोळ्यासाठी तापत राहणारा बॉयलर त्यात मोजलेलाच नाही. त्यामुळे ८६ टक्क्यांचा नवा बॉयलर घेऊन आत पुन्हा वेटोळंच ठेवलं, तर वर्षाच्या हिशेबात बरंचसं काम बाकीच राहतं.

याला उपाय म्हणून एक वेगळी, जाड आवरणाची टाकी आली. बॉयलर तिला गरज पडेल तेव्हा तापवून देतो आणि मग थंड होऊन बसतो.

गळतीची भानगड वेगळीच. जुन्या घरांत तेलाची नळी काँक्रीटच्या लादीखालून, नुसती पुरून नेलेली असे, आणि ती सडली तर महिनोन्‌महिने कळत नसे. मॅसॅच्युसेट्सने २००८ मध्ये कायदाच केला की अशा नळीला संरक्षक आवरण घाला किंवा टाकीपाशी सुरक्षा झडप बसवा. न्यू जर्सीत त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे अंगणात पुरलेल्या टाक्या. घर कधीच वायूवर गेलेलं असतं, टाकीचा सगळ्यांना विसर पडलेला असतो, आणि माती दूषित निघाली की सफाईचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास जुनं घर घेणाऱ्याने व्यवहाराआधी अंगणाची तपासणी करून घ्यावीच.

तेलही बदललंय. न्यू यॉर्कने २०१२ पासून त्यातल्या गंधकावर दशलक्षात १५ भागांची मर्यादा घातली. आधी हे भाग हजारोंनी असत. काजळी कमी झाली, सर्व्हिसिंग सोपं झालं.

आणि आता हीट पंप. अर्ध्याहून जास्त घरं तेलावर असलेल्या मेन राज्याने २०१९ मध्ये एक लाख हीट पंपांचं लक्ष्य २०२५ साठी ठेवलं आणि ते २०२३ मध्येच गाठलं. पण कोळशाच्या काळातले रेडिएटर कडकडीत पाण्यासाठी मापलेले. बहुतेक हीट पंप तेवढं गरम पाणी देत नाहीत. म्हणून पुष्कळ घरांत भिंतीवर एसीसारखे पंप लागतात आणि कडाक्याच्या दिवसांसाठी बॉयलर तसाच ठेवतात. केंद्राची हीट पंपावरची करसवलत २०२५ अखेरीस संपली, राज्यांच्या योजना वेगवेगळ्या आहेत. मला विचाराल तर हात घालायचाच असेल तर आधी आंघोळीच्या पाण्याला घाला. हीट पंपाचा वॉटर हीटर तळघरातल्याच हवेतून उष्णता ओढतो, जाता जाता ओलही कमी करतो, आणि उन्हाळ्यात बॉयलर पूर्ण बंद ठेवता येतो.

तेल पूर्णच सोडणार असाल तर आणखी एक. टँकरवाला घरात येत नाही. बाहेरच्या भिंतीतल्या नळीला होज लावतो आणि टाकीतून निघणाऱ्या हवेची शिट्टी ऐकत उभा राहतो. शिट्टी थांबली की टाकी भरली. टाकी काढली पण भिंतीतली नळी राहिली, आणि चुकीच्या पत्त्यावर टँकर आला, तर तेल सरळ तळघराच्या फरशीवर सांडतं. असे प्रकार घडलेले आहेत. टाकीबरोबर ती नळीही उखडून घ्या आणि भोक सिमेंटने बुजवा.