आरएसीचं प्रेझेंटेशन झालं म्हणजे एसआरएफ झालं असं नसतं

परवा संध्याकाळी कुर्ल्याला लोकलमध्ये चढले तर समोर एक ज्युनियर बसलेली, लाइफ सायन्सेसला पीएचडी करतेय, फेलोशिपची दोन वर्षं आता भरतील. म्हणाली, ताई माझं एसआरएफचं (सीनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे दोन वर्षांनंतरची वरची फेलोशिप) टेन्शन गेलं, गेल्या आठवड्यात आरएसी झाली आणि सगळ्यांनी प्रोग्रेस सॅटिस्फॅक्टरी लिहून दिलं. मी म्हटलं अगं थांब, ते वेगळं आणि हे वेगळं, आणि मग ठाणे येईपर्यंत तिला तेच समजावत बसले. ही गल्लत इतक्या जणांची होते की इथे नीट लिहूनच टाकते.

आरएसी म्हणजे रिसर्च ॲडव्हायजरी कमिटी, ती विद्यापीठाची. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला तिच्यासमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं आणि छोटा रिपोर्ट द्यायचा. आयआयटी मुंबईत याच कामासाठी वर्षातून एकदा एपीएस म्हणजे ॲन्युअल प्रोग्रेस सेमिनार असतो, नाव वेगळं पण गाभा तोच. कमिटी बघते की ही मुलगी किंवा हा मुलगा थीसिसच्या दिशेने चाललाय का. आणि समजा प्रोग्रेस बरोबर नाही असं लिहिलं तरी लगेच आभाळ कोसळत नाही, कमिटीने कारणं लिहायची असतात आणि सुधारणा काय करायची ते सांगायचं असतं, ते तुम्ही केलंच नाही तर मग रजिस्ट्रेशन रद्द करायची शिफारस होऊ शकते. म्हणजे इथे पणाला लागते ती तुमची सीट.

एसआरएफचं अपग्रेडेशन हे फेलोशिप देणाऱ्याचं. जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप दोन वर्षं, मग एसआरएफ तीन, एकूण पाच. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता वेगळा. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) फेलोशिपवाल्यांची तीन जणांची कमिटी बसते, गाइड, एचओडी म्हणजे विभागप्रमुख आणि बाहेरच्या संस्थेतला त्या विषयातला एक्स्टर्नल. दोन वर्षांचं काम मांडायचं, इंटरव्ह्यू द्यायचा, मग कागद पुढे जातात. कमिटीला काम पटलं नाही तर तिसरं वर्षही जेआरएफवरच काढायला लागू शकतं. आणि हे आपोआप होत नाही! माझ्या वेळी एक्स्टर्नलची तारीखच मिळेना म्हणून चार महिने गेले, तेवढे पाच-पाच हजार अडकले, नंतर एकदम आले खरे पण भाडं दर महिन्याला द्यायचं असतं ना.

आता खरा घोळ तारखांचा. रजिस्ट्रेशनचं घड्याळ पीएचडीच्या ॲडमिशनपासून चालू होतं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं चालतं, री-रजिस्ट्रेशन करून अजून २ मिळतात, मुलींना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. मुलींना मॅटर्निटी आणि चाइल्ड केअर मिळून २४० दिवसांची रजाही आहे, ही खूप जणींना माहीतच नसते. पण फेलोशिपचं घड्याळ जॉइन झालेल्या दिवसापासून चालतं आणि पाच वर्षांनी बंद. त्या ज्युनियरची ॲडमिशन फेलोशिप जॉइन केल्यावर आठ महिन्यांनी झाली, म्हणजे तिने पूर्ण ६ वर्षं घेतली तर शेवटचं वर्ष आणि वर आठ महिने स्टायपेंडशिवाय काढायचे. मुंबईत! विद्यापीठाने मुदत वाढवली तर तुमचं नाव रोलवर राहतं, पैसे वाढून मिळत नाहीत, हे पहिल्याच वर्षी कुणीतरी बसवून सांगायला हवं.

प्रोजेक्टवरच्या जेआरएफचं अजून निराळं, तिथे फंडिंग एजन्सीचे नियम आणि प्रोजेक्ट संपला की पोस्ट संपली, त्यामुळे तुमचं ऑर्डर लेटर काढून वाचा.

दोन्हीकडे बोलायचं काय हेही वेगळं, आणि बायोलॉजीत हे जास्तच जाणवतं कारण आपलं काम आपल्या वेगाने चालतच नाही. उंदराचंच घ्या, पिल्लू जन्मल्यावर ब्रीडिंगला यायला सहा ते आठ आठवडे, मग गाभणकाळ तीन आठवडे, म्हणजे एक पिढी नऊ ते अकरा आठवड्यांची, सहा महिन्यांत जेमतेम दोन पिढ्या. एका सेमिस्टरमध्ये क्रॉस लावले आणि जीनोटायपिंग (कुठल्या पिल्लात कोणता जीन आलाय ते तपासणं) केलं एवढंच दाखवता आलं तरी ते कामच आहे, आरएसीला ते कळतं कारण मागच्या वेळी तुम्ही काय बोललात ते त्यांना ठाऊक असतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींच्या कल्चरमध्ये फंगस शिरला, इन्क्युबेटर धुवून पुसून परत तेच, सगळा जुलै गेला. ते मी आरएसीत सरळ सांगितलं, कुठून आला असेल ते शोधायला काय काय केलं तेही, आणि कुणी नाक मुरडलं नाही.

एक्स्टर्नल मात्र तुम्हाला पहिल्यांदाच बघत असतो, त्याला तुमचा जुलै माहीत नाही. त्याच्यापुढे दोन वर्षांची एक सलग गोष्ट लागते, प्रश्न काय होता, तुलनेसाठी कोणते कंट्रोल लावले, अँटिबॉडी चालते हे कसं तपासलं, हातात कोणता डेटा आहे आणि पुढची तीन वर्षं कशासाठी हवीत. आरएसीच्या स्लाइड्स तशाच उचलून नेल्या तर त्याला फक्त तुकडे दिसतात, मी तीच चूक केली होती आणि पहिली दहा मिनिटं नुसतं मागचं समजावण्यात गेली. पेपरचंही विचारतात. २०२२च्या नियमांत थीसिस देण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट आता नाही, तुमच्या संस्थेची स्वतःची असू शकते, पण इंटरव्ह्यूत कुठपर्यंत लिहून झालंय हा प्रश्न येतो तेव्हा पेपरची निदान एक फिगर, म्हणजे आकृती, तरी पूर्ण असलेली बरी.

मुलुंड गेल्यावर त्या ज्युनियरने फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाकल्या, एक ॲडमिशनची आणि एक फेलोशिपची, आणि ठाण्याला उतरता उतरता गाइडना मेसेज केला की मॅडम एक्स्टर्नल कोणाला बोलवायचं ते या आठवड्यात ठरवूया का.