दहा राउंडची मर्यादा आणि पोलिसाचं स्वतःचं शस्त्र

कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला दहापेक्षा जास्त राउंड, म्हणजे गोळ्या, मावणारं मॅगझिन (बंदुकीत बसवायचा गोळ्यांचा डबा) विकत घेता येत नाही. नोकरीतल्या पोलिसाला मात्र घेता येतं, तेही स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या पिस्तुलासाठी. ही सवलत वर्दीला आहे की वर्दी घालणाऱ्या माणसाला, हा प्रश्न तिथे गेली तीसेक वर्षं कायदेमंडळात आणि कोर्टात लढवला जातो आहे.

आपल्याकडच्या वाचकाला आधी एक फरक सांगायला हवा. भारतात पोलिसाने कोतमधून, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रागारातून, सही करून शस्त्र घ्यायचं आणि काम झालं की जमा करायचं, ही रूढ पद्धत. स्वतःचं खासगी शस्त्र हवं असेल तर पोलिसालाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढावा लागतो. अमेरिकेत पोलीस खाती हजारो आहेत आणि त्यांतल्या अनेकांत अधिकारी मान्यताप्राप्त यादीतलं पिस्तूल स्वतः विकत घेतो, ड्युटीवर तेच वापरतो आणि सुट्टीच्या दिवशीही तेच कमरेला लावतो. त्यामुळे कामाचं शस्त्र कुठे संपतं आणि खासगी कुठे सुरू होतं, हे तिथे सहज सांगता येत नाही. सगळा वाद या धूसर जागेत आहे.

सुरुवात झाली ती 17 जानेवारी 1989 ला, स्टॉक्टन शहरातल्या क्लीव्हलंड प्राथमिक शाळेत. कलाश्निकोव्ह धर्तीच्या रायफलने मैदानावर खेळणाऱ्या मुलांवर गोळीबार झाला. पाच मुलं गेली, तिसाहून अधिक जण जखमी झाले. मेलेली मुलं कंबोडिया आणि व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित (चाप ओढला की दर वेळी एकच गोळी सुटणाऱ्या) रायफलींवर देशातली पहिली राज्यस्तरीय बंदी आणली. रॉबर्टी आणि रूस या दोन आमदारांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो.

पाच वर्षांनी केंद्राने तोच मार्ग धरला. 13 सप्टेंबर 1994 ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा राउंडची मर्यादा घातली आणि पोलिसांना वगळलं. पोलिसांसाठी बनणाऱ्या मोठ्या मॅगझिनवर त्यामुळे ‘फक्त पोलीस व सरकारी वापरासाठी’ या अर्थाचा शिक्का मारला जाऊ लागला. ग्लॉक 17 या पिस्तुलाचं मूळ मॅगझिन सतरा राउंडचं. नागरिकांसाठीचं दहाचं मॅगझिन बाहेरून जवळपास तेवढंच लांब, फक्त आतली जागा कमी केलेली. म्हणजे दुकानदाराला हातातली वस्तू कुणाची, हे तिच्यावरचा शिक्का बघून ठरवावं लागे. हा कायदा दहा वर्षांच्या मुदतीचा होता. 2004 मध्ये तो आपोआप संपला आणि विषय पुन्हा राज्यांकडे आला.

दरम्यान 28 फेब्रुवारी 1997 ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात जे घडलं, त्याने पोलिसांची बाजू कायमची मजबूत केली. बँक लुटून बाहेर पडलेल्या दोघांच्या अंगावर चिलखत होतं आणि हातात पूर्ण स्वयंचलित केलेल्या रायफली. पोलिसांकडे नऊ मिलिमीटरची पिस्तुलं, जुनी रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन. त्यांच्या गोळ्या चिलखतावर आपटून वाया जात होत्या. शेवटी काही पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानात धाव घेतली आणि रायफली उसन्या मागून आणल्या. चकमक पाऊण तासाच्या आसपास चालली, टीव्हीवर थेट दिसली. दोन्ही दरोडेखोर मेले, अनेक पोलीस आणि नागरिक जखमी झाले. त्यानंतर गस्तीच्या गाडीत रायफल ठेवणं रूढ झालं आणि जिथे खात्याचं बजेट पुरेना, तिथे अधिकाऱ्यांनी ती स्वखर्चाने घ्यावी असा पायंडा पडला. पोलिसांच्या सवलतीला विरोध करणाऱ्याने ती सकाळ डोळ्यांसमोर ठेवूनच बोलावं, असं मला वाटतं.

1999 मध्ये कॅलिफोर्नियाने दोन कडक कायदे केले. 1 जानेवारी 2000 पासून दहापेक्षा मोठ्या मॅगझिनची विक्री आणि आयात बंद झाली. 2001 पासून ज्या पिस्तुलाचं मॉडेल राज्याच्या ‘सुरक्षित’ यादीत नाही, ते दुकानातून नव्याने विकणं बंद झालं. दोन्हींतून पोलीस सुटले. बंदी असलेली रायफल स्वतःच्या नावावर घ्यायची तर अधिकाऱ्याला खातेप्रमुखाचं लेखी अधिकारपत्र आणावं लागतं आणि हाती आल्यापासून 90 दिवसांत राज्याच्या न्याय विभागाकडे नोंदणी करावी लागते. सगळी परवानगी त्या एका कागदावर उभी.

मग निवृत्तीचा मुद्दा आला. निवृत्त होताना खात्याने दिलेली अशी रायफल अधिकाऱ्याने पुढेही ठेवावी, अशी तरतूद कायद्यात होती. सिल्व्हेरा विरुद्ध लॉकियर खटल्यात डिसेंबर 2002 मध्ये नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने ती रद्द केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीफन राइनहार्ट यांनी. नोकरीतला पोलीस ड्युटीवर नसला तरी प्रसंग आला तर धावून जातो, म्हणून त्याची सवलत योग्य. निवृत्त माणसावर तसं कर्तव्य नाही, मग इतर नागरिकांना जे मना आहे ते त्याला का, याचं पटणारं कारण राज्याकडे नव्हतं. कायद्यापुढे समानतेच्या तत्त्वावर ती तरतूद पडली. या संपूर्ण इतिहासातला सर्वांत स्वच्छ युक्तिवाद मला हाच वाटतो. 2010 च्या अखेरीस राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी पुढची फटही बुजवली. अधिकाऱ्याने नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने घेतलेली रायफलसुद्धा निवृत्तीनंतर ठेवता येणार नाही, असं मत त्यांनी दिलं.

राजकारण मात्र उलट्या दिशेने चाललं होतं. 22 जुलै 2004 ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या केंद्रीय कायद्याने पात्र पोलिसांना, आणि ठरावीक वर्षं सेवा झालेल्या निवृत्तांनाही, देशभर लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. त्यात मॅगझिनचा उल्लेख नव्हता. त्यामुळे पिस्तूल चालतं पण त्यातलं मॅगझिन चालेलच असं नाही, अशी पंचाईत राज्याची सीमा ओलांडताना होते. ही त्रुटी भरणारं विधेयक 2024 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, कायदा मात्र झाला नाही.

न्यूयॉर्कने सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर, जानेवारी 2013 मध्ये, घाईने अशाच बंदीचा कायदा केला. पोलिसांना पुरेशी सूट द्यायचीच राहिली, म्हणून त्याच वर्षी दुरुस्ती करावी लागली. इलिनॉयने 2023 च्या अशाच कायद्यात निवृत्त पोलिसांनाही बंदीतून वगळलं. तिथे समानतेचा तोच मुद्दा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्ट 2023 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरला. प्रशिक्षित पोलीस आणि आपण एकाच स्थितीत आहोत, हे अर्जदारांना दाखवता आलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

सवलतीचा बाजार झाल्याचीही नोंद आहे. यादीबाहेरचं पिस्तूल पोलिसाने घ्यायचं आणि नागरिकाला विकायचं, यात पैसा होता. सॅन डिएगो काउंटीच्या शेरीफ खात्यातल्या एका माजी कॅप्टनला अशा विनापरवाना विक्रीच्या धंद्यासाठी 2021 मध्ये दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाचे न्यायमूर्ती कॉर्मॅक कार्नी यांनी या यादीच्या काही अटींना स्थगिती देताना नेमकं वर्मावर बोट ठेवलं: ही पिस्तुलं खरोखर असुरक्षित असती तर जिवावर बेतणाऱ्या कामात राज्याने ती पोलिसांच्या हाती दिली नसती.

नोव्हेंबर 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 63 मंजूर करून जुनी मोठी मॅगझिनं जवळ ठेवणंही बेकायदा ठरवलं. त्याला आव्हान देणारा डंकन खटला खालच्या कोर्टात दोनदा राज्याच्या विरोधात गेला. 2019 मध्ये तर निकाल आणि स्थगिती यांच्या मधल्या आठवड्यात लोकांनी मोठी मॅगझिनं मोठ्या संख्येने मागवून घेतली. अखेर मार्च 2025 मध्ये नवव्या सर्किटच्या विस्तारित पीठाने सात विरुद्ध चार मतांनी बंदी कायम ठेवली.

या बंदीतून सन्मानाने निवृत्त झालेल्या पोलिसांना सूट आहे. म्हणजे आज कॅलिफोर्नियात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या पिस्तुलाचं सतरा राउंडचं मॅगझिन घरी ठेवता येतं, पण खातेप्रमुखाच्या पत्रावर स्वतःच्या पगारातून घेतलेली रायफल त्याला सोडावी लागते. राइनहार्ट यांच्या निकालातलं कारण मॅगझिनलाही तितकंच लागू पडतं. कायदेमंडळाने ते तिथे लावलेलं नाही.